अंगावर पाण्याचे फोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत पाऊस सुरू झाला की स्किन ओपीडीत फोडांची तक्रार घेऊन येणारे वाढतात. बहुतेकांचं दुखणं आठवड्याभरात आटोपतं. थोड्या जणांचं आटोपत नाही. हे थोडे जण मोठ्या रुग्णालयात पोचतात तेव्हा तीन-चार दवाखाने फिरून, दोन-तीन मलमं लावून आणि स्टेरॉइडचा एखादा कोर्स अर्धवट घेऊन झालेला असतो. पुढचे प्रश्न मुख्यतः त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे आहेत. हे वाचून स्वतःचं निदान करायला जाऊ नका, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवायला याचा उपयोग होईल.

पाण्याचा फोड आला म्हणजे काहीतरी गंभीर आहे का?

बहुधा नाही. तेल उडालं, नवी चप्पल चावली, तापलेल्या सायलेन्सरला पोटरी लागली, तर फोड येणारच. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारा एक बारीक नारिंगी-काळा किडा असतो. तो चावत नाही, पण मानेवर किंवा हातावर चिरडला गेला तर त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं रसायन कातडी जाळतं. एक-दोन दिवसांत तिथे रेघ ओढल्यासारखा लाल पट्टा उठतो आणि त्यावर फोड येतात. असा किडा अंगावर दिसला तर फटका मारू नका, फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

लहान मुलांच्या नाकाजवळ किंवा मांड्यांवर पातळ सालीचे फोड येतात आणि फुटल्यावर पिवळसर खपली धरते. तो बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि अँटिबायोटिकने बरा होतो. काहींना जुलाबाची किंवा अंगदुखीची ठरावीक गोळी घेतली की दर वेळी ओठावर त्याच जागी फोड येतो आणि मागे काळपट डाग राहतो. ती त्या औषधाची ॲलर्जी असते. गोळीचं नाव लिहून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

संशय घ्यायचा तो असा: कारण काहीच सापडत नाही, दोन आठवडे उलटले तरी नवे फोड येतच आहेत, जोडीला तोंडात जखमा आहेत, साधं घासलं तरी कातडीचा पापुद्रा सुटतो, किंवा वयस्क माणसाला आधी आठवडेच्या आठवडे खाज सुटली आणि मग टणक फोड आले. यातलं एकही लक्षण असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

शेजारच्या काकू म्हणतात नागीण आहे. विळखा पूर्ण झाला तर माणूस दगावतो, हे खरं का?

खोटं. कांजिण्यांचा विषाणू बरं झाल्यावरही मज्जातंतूंच्या मुळाशी दबून राहतो आणि कधीतरी एकाच मज्जातंतूच्या पट्ट्यात उसळतो. म्हणून नागीण शरीराच्या एकाच बाजूला येते, मध्यरेषेशी थांबते आणि फोडांच्या आधीपासूनच तिथे आग होते. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वांत चांगला गुण येतो. गेरू किंवा शाई लावण्यात हेच तीन दिवस जातात. कपाळावर किंवा डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. दोन्ही बाजूंना, हातापायांवर, पोटावर सगळीकडे फोड असतील तर ती साधी नागीण नाही.

दोन महिने तोंड आलंय. बी-कॉम्प्लेक्स झाल्या, तूप लावून झालं. आता अंगावरही दोन फोड आलेत. याचा एकमेकांशी संबंध आहे का?

दाट शक्यता आहे, आणि या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

पेम्फिगस व्हल्गॅरिस नावाचा आजार बऱ्याच रुग्णांत तोंडात सुरू होतो. अंगावर पहिला फोड दिसायला त्यानंतर कित्येक आठवडे, कधी महिने जातात. आपल्याकडे तोंड येणं म्हणजे उष्णता, जागरण, पोट साफ नसणं, असं ठरूनच गेलेलं आहे. त्यामुळे रुग्ण आधी घरचे उपाय करतो, मग केमिस्टकडून जेल आणतो, मग दातांच्या डॉक्टरांकडे जातो. दातांचे चांगले डॉक्टर हा आजार पटकन ओळखतात, त्यामुळे तिथे जाण्यात काही चूक नाही. प्रश्न मधल्या वेळेचा आहे.

साधं तोंड येतं तेव्हा एक-दोन लहान, गोल, पिवळसर व्रण दिसतात आणि दहा-पंधरा दिवसांत भरून येतात. पेम्फिगसमध्ये जखमा वेड्यावाकड्या आकाराच्या, कडा फाटल्यासारख्या असतात. गालाच्या आतून, टाळूवर, हिरड्यांवर त्या पसरतात आणि भरत नाहीत. फोड क्वचितच दिसतो, कारण तोंडात तो लगेच फुटतो. ब्रश करताना साल निघते, आमटीचा घास नकोसा होतो, आवाज घोगरा होतो, वजन उतरतं. तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखवायलाच हवी. तंबाखू किंवा मशेरीची सवय असेल तर आणखी लवकर, कारण तिथे कॅन्सरचीही शंका फेडून घ्यावी लागते.

पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड ही एकाच आजाराची दोन नावं आहेत का?

नाही, आणि दोन्हींचे उपचारही सारखे नाहीत. १९५३ पर्यंत डॉक्टरांनाही ते नीट वेगळे करता येत नव्हते. त्या वर्षी वॉल्टर लीव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या फरकावरून पेम्फिगॉइड हा स्वतंत्र आजार असल्याचं दाखवलं.

फरक फोडाच्या खोलीचा आहे. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारी डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं असतात. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती याच प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी तयार करते आणि पेशी एकमेकींपासून सुटतात. फोड वरच्या थराच्या आत असल्यामुळे त्याची साल पातळ, फोड लुळा आणि लगेच फुटणारा असतो. बरेचदा अंगावर फोड कमी आणि ओल्या, लाल जखमाच जास्त दिसतात. डेस्मोग्लीन ३ वर हल्ला असेल तर तोंडात जखमा होतातच. फक्त डेस्मोग्लीन १ वर असेल तर तोंड मोकळं राहतं आणि डोकं, चेहरा, छाती-पाठीवर पापुद्रे आणि खपल्या येतात. या दुसऱ्या प्रकाराला पेम्फिगस फोलिएशियस म्हणतात. कितीतरी जण महिनोन् महिने कोंड्याचा शाम्पू लावत बसतात ते याच प्रकारात. वर मुलांच्या जंतुसंसर्गाचा उल्लेख आला, त्या जंतूचं विषसुद्धा नेमकं डेस्मोग्लीन १ च कापतं.

बुलस पेम्फिगॉइडमध्ये वरचा सगळा थर खालच्या थरापासून सुटतो. त्यामुळे फोडाचं छत जाड असतं आणि फोड टणक, भरलेला, दिवसेंदिवस टिकणारा. हा बहुतांशी साठी-सत्तरीनंतरचा आजार. पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश असलेल्यांत तो जास्त आढळतो. खाज भयंकर असते आणि तोंड बहुधा वाचतं. पेम्फिगस मात्र भारतात चाळिशीच्या आसपास, कमावत्या वयात गाठतो. पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा आपले रुग्ण तरुण असतात.

याच कुळातले आणखीही आजार आहेत. गरोदरपणात बेंबीभोवती खाज आणि फोडांनी सुरू होणारा एक, लहान मुलांच्या ओटीपोटावर-मांड्यांवर फोडांची कडी करणारा एक, गव्हातल्या ग्लुटेनशी संबंध असलेला आणि कोपरांवर-गुडघ्यांवर येणारा एक. हे तुलनेने विरळ असले तरी डॉक्टरांच्या मनात असावे लागतात.

बघून कळत नाही का? बायोप्सी कशाला? आणि दोन-दोन तुकडे का?

अनुभवी डॉक्टरांना बघून अंदाज येतो. बोटाने कडेची कातडी दाबून सरकवली आणि ती सुटली तर पेम्फिगसचा संशय बळावतो. ही खूण निकोल्स्की नावाच्या रशियन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगितली आणि ती आजही कामाला येते. फोडाचा तळ खरवडून काचेवर पसरायचा आणि सुट्या झालेल्या गोल पेशी बघायच्या, ही झँक चाचणी तर ओपीडीतच थोड्या वेळात होते. पण वर्षानुवर्षं चालणारी औषधं अंदाजावर सुरू करू नयेत.

पहिला तुकडा ताज्या, लहान, शक्यतो एका दिवसाच्या आतल्या फोडाच्या कडेचा घेतात. जुना फोड घेतला तर तळाला नवी कातडी भरू लागलेली असते आणि फोड मुळात कुठल्या पातळीवर सुटला होता ते कळत नाही. हा तुकडा फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रवात जातो. दुसरा तुकडा फोडाशेजारच्या धड कातडीचा असतो, आणि अँटिबॉडी कुठे चिकटल्या आहेत ते त्यातून दिसतं. या तपासणीला डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स म्हणतात. पेम्फिगसमध्ये पेशींच्या भोवतीने कोळ्यांच्या जाळ्यासारखी हिरवी जाळी चमकते, तर पेम्फिगॉइडमध्ये वरचा आणि खालचा थर जिथे जुळतात तिथे एक सरळ हिरवी रेघ. पेम्फिगसच्या रुग्णांत अशा अँटिबॉडी असतात हे १९६४ मध्ये ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी दाखवलं, आणि तेव्हापासून निदानाचा पाया हाच आहे.

या दुसऱ्या तुकड्याचं बरेचदा काहीतरी बिनसतं. तो फॉर्मलिनमध्ये टाकला की ही तपासणी वाया गेली. त्याला वेगळा द्रव लागतो. तो नसेल तर साधं सलाईन चालतं, पण मग तुकडा २४ तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. शनिवारी दुपारी डोंबिवलीच्या नर्सिंग होममध्ये तुकडा काढला आणि कुरिअरवाला सोमवारी आला, असं होऊ देऊ नका. तुकडा काढायच्या आधी तीन गोष्टी विचारा: बाटल्या दोन आहेत ना, दुसऱ्या बाटलीत काय आहे, आणि ती आज लॅबला जाणार का. डॉक्टरांना राग येईल म्हणून गप्प बसू नका. विचारायच्या संकोचापेक्षा पुन्हा तुकडा काढावा लागणं महाग पडतं.

शक्य असेल तिथे स्टेरॉइड सुरू करण्याआधी तुकडे घ्यावेत. कुणी आधीच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही लपवू नका.

बायोप्सी म्हणजे ऑपरेशन नव्हे. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका पडतो आणि माणूस लोकलने घरी जातो. बायोप्सीने आजार पसरतो ही समजूत इथे पूर्णपणे निराधार आहे.

रक्त तपासून भागणार नाही का?

डेस्मोग्लीन आणि पेम्फिगॉइडच्या अँटिबॉडींसाठी एलायझा चाचण्या आहेत आणि मुंबईतल्या मोठ्या लॅबमध्ये त्या होतात. निदानाला त्यांचा आधार मिळतो आणि पुढे औषध कमी करतानाही आकडे उपयोगी पडतात. तरी पहिल्यांदा दोन्ही तुकडे आणि रक्त असं सगळंच एकदा झालेलं बरं.

हा आजार इतरांना लागतो का? ताट-पेला वेगळा ठेवायचा का?

पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड कुणालाही लागत नाहीत. एका अंथरुणात झोपा, एका ताटात जेवा, काही होत नाही. कांजिण्या आणि मुलांमधला जंतुसंसर्ग मात्र लागतो. चाळीत किंवा लहान खोलीत राहणाऱ्या रुग्णाला घरातच वाळीत टाकल्याची उदाहरणं आजही दिसतात. निदान झाल्यावर घरच्यांना एकदा ओपीडीत घेऊन या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा.

वडील ७४ वर्षांचे आहेत, पेम्फिगॉइड निघाला. डायबेटिसच्या गोळीमुळे झाला असेल का?

असू शकतं. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांचा, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिनचा, पेम्फिगॉइडशी संबंध बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. भारतात डिसेंबर २०१९ मध्ये व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली आणि वापर खूप वाढला. फोड गोळी सुरू केल्यानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षभरानेही येतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन जा. गोळी मात्र स्वतः बंद करू नका. शुगरच्या डॉक्टरांना विचारून दुसऱ्या गटाची गोळी लावून घ्या.

पेम्फिगॉइडला स्टेरॉइडच्या गोळ्याच घ्याव्या लागतात का?

नेहमी नाही. तीव्र स्टेरॉइड मलम, म्हणजे क्लोबेटासोल, नुसतं फोडांवर न लावता अंगभर लावण्याची पद्धत फ्रान्समधल्या २००२ च्या मोठ्या चाचणीनंतर रुळली. आजार पसरलेल्या रुग्णांत ती गोळ्यांपेक्षा सुरक्षित ठरली. अडचण व्यवहाराची आहे. रोज तीस-चाळीस ग्रॅम मलम, म्हणजे एक मोठी ट्यूब, म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला लावणार कोण? घरात दोघं नोकरीला जात असतील तर हा उपचार कागदावरच राहतो.

दुसरा पर्याय डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, रोज २०० मिलिग्रॅम. ब्रिटन आणि जर्मनीत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सहा आठवड्यांत आजार आटोक्यात येण्याचं प्रमाण डॉक्सीसायक्लिनवर ७४ टक्के आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीवर ९१ टक्के होतं, पण वर्षभरातले औषधाचे गंभीर दुष्परिणाम १८ विरुद्ध ३६ टक्के. शुगर, मोतीबिंदू आणि ठिसूळ हाडं असलेल्या ७४ वर्षांच्या माणसासाठी डॉक्टर म्हणून मला हा सौदा बरेचदा पटतो. फोड फार असतील तर गोळ्या टाळता येत नाहीत. २०२५ मध्ये अमेरिकेत डुपिलुमॅब या इंजेक्शनलाही पेम्फिगॉइडसाठी मान्यता मिळाली आहे.

पेम्फिगसमध्ये स्टेरॉइड टाळता येईल का? त्याचे फार साइड इफेक्ट असतात म्हणे.

असतात. शुगर आणि बीपी वाढतं, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, झोप उडते, मनःस्थिती बिघडते. पण स्टेरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत असत. उघड्या जखमांतून पाणी आणि प्रथिनं वाहून जायची, जंतू रक्तात शिरायचे आणि माणूस तोंडाने खाऊ शकायचा नाही. १९५० च्या दशकात स्टेरॉइड आल्यावर चित्र पालटलं. त्यामुळे प्रश्न घ्यायचं की नाही हा नसून किती दिवसांत कमी करता येईल हा आहे. बाकीची सगळी औषधं, म्हणजे ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, रिटुक्सिमॅब, स्टेरॉइड लवकर उतरवता यावं म्हणूनच देतात.

एक गोष्ट ठळकपणे: गोळी अचानक थांबवू नका. काही आठवडे रोज स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं. गोळी एकदम तोडली तर बीपी पडतं, उलट्या होतात आणि जीवावर बेतू शकतं. गावाला किंवा वारीला निघालात तर जास्तीची पट्टी जवळ ठेवा. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, अगदी दात काढायला, तरी आधी हे सांगा.

ओपीडीत सगळे 'पल्स'बद्दल बोलतात. पल्स म्हणजे काय?

दर २८ दिवसांनी रुग्णालयात तीन दिवस सलाईनमधून रोज १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, त्यातल्या एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, आणि मधल्या दिवसांत रोज ५० मिलिग्रॅमची सायक्लोफॉस्फमाइडची गोळी. ही पद्धत दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात रुळवली आणि देशभरच्या सरकारी रुग्णालयांत ती पसरली. चार टप्पे असतात: नवे फोड थांबेपर्यंत पल्स, मग त्वचा स्वच्छ असतानाही नऊ महिने पल्स, मग फक्त गोळी, मग औषधाविना देखरेख. रुग्णांची चूक दुसऱ्या टप्प्यात होते. अंग स्वच्छ दिसतं, रजा मिळत नाही, आणि पल्स चुकते.

सायक्लोफॉस्फमाइडने बीज आणि वीर्य दोन्हींवर परिणाम होतो, मूत्राशयाला त्रास होतो आणि पांढऱ्या पेशी घटतात. मूल व्हायचं असेल त्यांनी हे पहिल्या भेटीतच सांगावं. लग्न ठरायचं असलेल्या मुलीसोबत आलेली आई हे बोलायला संकोचते. तो संकोच आम्हीच मोडायला हवा, हेही मान्य.

मग रिटुक्सिमॅब का देत नाहीत? ते जास्त चांगलं म्हणतात.

देतात, आणि आता पूर्वीपेक्षा खूप लवकर देतात. अँटिबॉडी तयार करणाऱ्या बी पेशींचा साठा हे औषध काही महिन्यांसाठी पुसून टाकतं. साधारणपणे एक-एक ग्रॅमची दोन सलाईनं, दोन आठवड्यांच्या अंतराने. फ्रान्समधल्या ९० रुग्णांच्या चाचणीत रिटुक्सिमॅब आणि थोडे महिने स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी कुठल्याही औषधाविना फोडमुक्त होते. फक्त स्टेरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये अमेरिकेने पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी औषधाला मान्यता दिली.

आपल्याकडे त्याची भारतीय आवृत्ती २००७ पासून आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने ती प्रथम आणली, पुढे आणखी कंपन्या आल्या आणि किंमत उतरत गेली. मध्यम ते तीव्र पेम्फिगस असलेल्या, टीबी आणि काविळीच्या तपासण्या स्वच्छ असलेल्या तरुण रुग्णाला परवडत असेल किंवा योजनेतून मिळत असेल, तर मी आज पल्सआधी रिटुक्सिमॅबचाच विचार करीन. औषधाचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर स्टेरॉइड सुरूच राहतं. "एवढं महागाचं इंजेक्शन घेऊनही फोड आहेत" असा फोन पहिल्या महिन्यात हमखास येतो. तो अपेक्षितच असतो.

फोडांच्या आजाराला छातीचा एक्स-रे आणि काविळीची तपासणी कशाला?

ही सगळी औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. अंगात दडून बसलेला टीबी अशा वेळी डोकं वर काढतो, आणि मुंबईत ही शंका फक्त पुस्तकी नाही. हिपॅटायटिस बी शांत असला तरी रिटुक्सिमॅबनंतर उसळून यकृत निकामी करू शकतो. म्हणून एक्स-रे, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, शुगर, रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड हे सगळं आधीच बघतात. न्युमोनिया आणि फ्लूच्या लशी शक्यतो रिटुक्सिमॅबच्या आधी घ्याव्यात. जिवंत विषाणूंच्या लशी उपचार चालू असताना घेऊ नयेत.

डॅप्सोन (वर आलेल्या विरळ आजारांपैकी काहींवरचं औषध) द्यायचं असेल तर जी-६-पीडी हे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम पुरेसं आहे का ते तपासतात. ही कमतरता पारशी समाजात जास्त आढळते हे मुंबईतल्या डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. कमतरता असताना डॅप्सोन दिलं तर रक्तपेशी फुटतात.

घरी जखमांची काळजी कशी घ्यायची?

मोठा, ताणलेला फोड दुखत असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी जाऊ द्या, पण वरची साल काढू नका. खालच्या जखमेवर तिच्याएवढं चांगलं झाकण दुसरं नाही. आंघोळ बंद करू नका. पोटॅशियम परमँगनेटचं पाणी वापरायला सांगितलं असेल तर रंग फिका गुलाबी हवा. गडद जांभळ्या पाण्याने कातडी भाजते. नंतर व्हॅसलिनचा जाड थर आणि न चिकटणारी जाळी. चिकटपट्टी कातडीवर थेट लावू नका, ती काढताना नवी जखम होते. पट्टी गुंडाळून बांधा किंवा जुन्या मऊ सुती बनियनने जागेवर धरा.

अंगभर जखमा असतील तर चादर चिकटते आणि कूस बदलताना रुग्ण ओरडतो. अशा वेळी केळीचं पान खरंच कामाचं आहे. हा आजीबाईचा बटवा नव्हे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर केळीच्या पानाच्या पट्ट्यांचा अभ्यास केला आणि तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पान मेणचट असल्याने जखमेला चिकटत नाही आणि पट्टी बदलताना दुखत नाही. मात्र ते निर्जंतुक केलेलं हवं, दादरच्या बाजारातून आणून तसंच अंथरायचं नाही. पद्धत वॉर्डातल्या सिस्टरांकडून शिकून घ्या.

हळद, कोरफड, गोमूत्र, टूथपेस्ट यांतलं काहीही उघड्या जखमेवर नको.

पथ्य काय पाळायचं?

तोंडात जखमा असताना तिखट, आंबट, कडक आणि गरम टाळा. मऊ भात, मुगाची खिचडी, गार दूध, पातळ गोड ताक, उकडलेलं अंडं चालेल. जखमांतून प्रथिनं जात असतात, त्यामुळे डाळ, अंडी, मासे बंद करू नका. "फोडांना मासे वाईट" हे ऐकून कोळीवाड्यातली माणसंही वरणभातावर येतात आणि अशक्त होतात. स्टेरॉइड चालू असेल तर मीठ, लोणचं, पापड, साखर कमी, आणि कॅल्शियम-ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तसं. कांदा-लसणाने पेम्फिगस वाढतो असा सिद्धांत आहे, पण पुरावा तोकडा आहे. तुमच्या बाबतीत स्पष्ट जाणवत असेल तरच सोडा.

कामावर, लोकलने, पावसातून जाता येईल का?

आजार आटोक्यात आल्यावर जरूर. गर्दीच्या वेळी घासाघाशीने नव्या जखमा होतात, म्हणून सुरुवातीचे महिने वेळ बदलून मिळाली तर बघा. आतून सुती, सैल कपडे घाला. खरी भीती साचलेल्या पाण्याची आहे. उघड्या जखमा आणि दबलेली प्रतिकारशक्ती घेऊन तुंबलेल्या पाण्यातून चालणं म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला बोलावणं. त्या दिवशी घरी राहा. जाणं भागच पडलं तर नंतर ताबडतोब डॉक्टरांना कळवा.

नवी गोळी सुरू केली आणि ताप, लाल डोळे, तोंडात जखमा, अंगाची साल निघतेय. काय करू?

वाचत बसू नका. गोळी थांबवा, पट्टी खिशात टाका आणि मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. ही स्टीव्हन्स-जॉन्सन किंवा त्याहून गंभीर प्रतिक्रिया असू शकते. फिट्सच्या गोळ्या (कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन), सल्फा, युरिक ॲसिडवरची ॲलोप्युरिनॉल आणि काही वेदनाशामकं ही नेहमीची कारणं. बहुधा गोळी सुरू केल्यावर एक ते चार आठवड्यांत हे घडतं. अंगाच्या ३० टक्क्यांहून जास्त कातडी सुटली तर रुग्णाला भाजलेल्या रुग्णासारखीच शुश्रूषा लागते, आणि डोळ्यांची काळजी पहिल्या दिवसापासून. ते औषध आयुष्यात पुन्हा घ्यायचं नाही.

बाळाला जन्मापासूनच, उचलताना-धरताना फोड येतात.

हा एपिडर्मोलिसिस बुलोसा असू शकतो. तो जनुकीय आहे, त्यात स्टेरॉइडचा उपयोग नाही. बाळाला काखेत हात घालून उचलू नका, मऊ गादीसकट उचला. जनुक तपासणी करून घ्या, कारण पुढच्या गरोदरपणात त्याची माहिती लागते. कोलॅजन ७, म्हणजे त्वचेचे थर जोडून ठेवणारं प्रथिन, बिघडलेल्या प्रकारासाठी जखमेवर लावायच्या जनुकीय जेलला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली आहे.

पेम्फिगस असताना लग्न, मूल शक्य आहे का? मुलांना होईल का?

होय, शक्य आहे. आजार शांत असताना आणि औषधं बदलून घेतल्यावर गरोदर राहावं. आईच्या अँटिबॉडी बाळात जाऊन जन्मतः थोडे फोड असू शकतात, ते काही आठवड्यांत जातात. मुलांना हा आजार वारशाने सहसा येत नाही.

मुंबईत कुठे जायचं? खर्च कसा भागवायचा?

परळचं केईएम, शीवचं टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर आणि भायखळ्याचं जे. जे. या सगळीकडे त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. जुने रिपोर्ट, बायोप्सीच्या काचा आणि गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. भरती व्हायची वेळ आली तर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, आपला उपचार योजनेत बसतो का ते तोच सांगेल. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. प्रेडनिसोलोनसारख्या रोजच्या गोळ्या जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात. रिटुक्सिमॅबसाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटा, ट्रस्टांकडे अर्ज कसा करायचा ते त्यांना ठाऊक असतं.

आजार परत येतो का?

येऊ शकतो, औषध बंद झाल्यावर वर्ष-दोन वर्षांनीही. बहुधा तोंडातच पहिली खूण दिसते. महिन्यातून एकदा आरशासमोर टॉर्च धरून गालांच्या आत आणि टाळूवर बघा. नवी जखम दिसली तर मोबाइलवर तारखेसह फोटो काढा. आठवडाभरात ती भरली नाही तर पुढच्या तारखेची वाट न बघता ओपीडीत या, आणि घरात उरलेली स्टेरॉइडची जुनी पट्टी स्वतःहून सुरू करू नका.